कागदाची पाठ

माझ्या पिकअप गाडीचं शेजारच्या सीटचं, उजवीकडचं दार आतून उघडत नाही. कुणाला तरी खाली उतरून बाहेरून उघडावं लागतं. आर्डिथबाई नेहमी त्याच दाराशी बसतात आणि बसल्या बसल्या तोच विनोद करतात. त्या संध्याकाळीही केला.

"व्हर्लिन, कधी रागावलास तर मला इथंच ठेवून जाशील."

"तुमच्यावर रागवायची माझी टाप आहे का, बाई?"

फेब्रुवारीतला सोमवार होता. आठ दिवसांपूर्वीचं बर्फ रस्त्याच्या कडेला काळं पडून होतं. सात वाजता शाळेच्या व्यायामशाळेची दारं लागणार होती आणि सातच्या आत जो रांगेत नसेल त्याचं मत धरत नाहीत. म्हणून मी साडेसहालाच बाईंना घ्यायला गेलो होतो. त्या एक्याऐंशीच्या, मी चौऱ्याहत्तरचा. त्यांच्या मांडीवर प्रुइटच्या नावाची पाटी होती, काठी दोन गुडघ्यांच्या मध्ये.

राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीला आपल्या पक्षातर्फे कोणी उभं राहायचं, हे ठरवायला आमच्या मिलर्स बेंड गावात पेटीत चिठ्ठी टाकत नाहीत. माणसं स्वतः उभी राहतात. एकेका उमेदवाराला व्यायामशाळेचा एकेक कोपरा. तुम्ही ज्याचे, त्याच्या कोपऱ्यात, सगळ्या गावादेखत. मग डोकी मोजतात. जमलेल्या शंभरात किमान पंधरा ज्याच्याकडं नाहीत, त्याचा कोपरा मोडतो. मोडलेल्या कोपऱ्यातल्यांनी दुसरीकडं जावं नाहीतर घरी.

आर्डिथबाईंचा कोपरा गेली बत्तीस वर्षं दर वेळी मोडत आला. दर चार वर्षांनी त्या असा कुणी शोधून काढायच्या, जो पूर्वी जे बोलला तेच आजही बोलतो, ज्यानं कारखानदाराच्या पैशाला हात लावलेला नाही. आणि दर वेळी त्यांच्यामागं आठ, नऊ, फार तर बारा माणसं. मोजणी झाली की सभेचा अध्यक्ष म्हणायचा, "सॉरी, बाई," आणि त्यांची माणसं उरलेल्या कोपऱ्यांत वाटली जायची. एकदाच, एकदाच आपल्या कोपऱ्यातला एक तरी प्रतिनिधी जिल्ह्याच्या सभेला जावा, एवढीच त्यांची इच्छा होती. यंदा सिनेटर प्रुइटसाठी त्या गेल्या जूनपासून दारोदार फिरत होत्या, काठी टेकत.

"दीडशेच्या आत येतील," त्या गाडीत म्हणाल्या. "एकवीस-बावीस लागतील. माझ्याकडं वीस पक्के आहेत. मुलांना सांभाळायला कोण, गायीला कोण, सगळं विचारून घेतलंय. तुला एकविसावा धरलाय."

"धरा," मी म्हणालो. "लागलो की येईन."

गाडीचं इंजिन जुनं. मला वाटतं त्यांना पहिला शब्दच ऐकू गेला.

"यंदा नियम बदललेत. तुला पत्र आलं असेल."

"आलंय."

"वाचलंस?"

"ठाऊक आहे, बाई."

पत्र आलं होतं, ते खरं. फ्रिजवर चुंबकाखाली लावलेलं होतं. मी वरच्या दोन ओळी वाचल्या होत्या: तारीख आणि जागा. पण "ठाऊक आहे" या दोन शब्दांवर मी सेहेचाळीस वर्षं काढली आहेत. डुकराच्या मांसाच्या कारखान्यात मुकादमानं हातात कागद दिला, ठाऊक आहे. दवाखान्यात नर्सनं फॉर्म दिला, ठाऊक आहे. डार्लाच्या शाळेतून चिठ्ठी आली, ठाऊक आहे. एकदा असंच ठाऊक आहे म्हणून मी एका कागदाच्या खाली सही केली आणि त्याच्या मागच्या बाजूला लिहिलेलं होतं की खांद्याच्या दुखापतीबद्दल माझं काही मागणं नाही. त्या वर्षी मी वाचनालयाच्या तळघरात गेलो. तिथं दर मंगळवारी आर्डिथबाई वाचायला शिकवायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी कोरा कागद माझ्यापुढं ठेवला नि म्हणाल्या, "कागदाला पाठ असते, व्हर्लिन. आधी उलटून बघायचं." दोन हिवाळ्यांत मी वाचायला लागलो. अक्षरं आली, पण ते दोन शब्द जिभेवरून गेले नाहीत.

माझ्या मनात एक बेत होता, आणि तो मी कुणालाच सांगितलेला नव्हता.

त्याचं कारण डार्ला, माझी मुलगी. तिला नवव्या वर्षापासून मधुमेह आहे. किराणा दुकानात काम करते, तिथं विमा मिळत नाही. सरकारी विमा आहे म्हणून इन्सुलिन मिळतं. तो विमा काढून टाकू असं समोरच्या पक्षाचा राष्ट्राध्यक्ष उघड म्हणत होता. डार्ला गव्हर्नर हॅल्डेनच्या बाजूची. नुसती बाजूची नाही, आमच्या भागात हॅल्डेनचा कोपरा तीच सांभाळत होती. आठवड्यापूर्वी ती माझ्या स्वयंपाकघरात आली, बोटाला सुई टोचून साखर बघितली आणि मग बोलली.

"बाबा, तुम्ही कुणाकडं उभे राहणार?"

"प्रुइट तर सगळ्यांना औषध फुकट देईन म्हणतो. तुझ्याच फायद्याचं आहे."

"निवडून आला तर."

"का नाही येणार?"

"कारण माझ्याबरोबर काम करणाऱ्या ऱ्होडाच्या नवऱ्याला तो कम्युनिस्ट वाटतो. दुकानात येणाऱ्या दहातल्या सात जणांना वाटतो. हॅल्डेन कुणाला फार आवडत नाही, पण त्याची भीतीही कुणाला वाटत नाही. तो जिंकू शकतो. मला फुकट नको, बाबा. आहे तेवढं राहू दे. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नका."

"बाईंना काय सांगू?"

"बाईंना इन्सुलिन टोचावं लागत नाही."

हे ती रागानं बोलली नाही. सुईचं टोपण लावत बोलली.

मग मी बेत केला. जुना नियम माझ्या अंगात मुरलेला होता: पहिली मोजणी म्हणजे नुसतं उभं राहून बघणं. त्यानंतर अर्धा तास कुणीही कुठंही जावं. पहिल्या मोजणीचा आकडा त्याच रात्री टीव्हीवर येतो, म्हणून डार्लाला तो मोठा हवा होता. बाईंना दुसऱ्या मोजणीत माणूस हवा होता. तर पहिल्या मोजणीला मुलीकडं, दुसरीला बाईंकडं. कुणाचं काही अडत नाही. मला माझाच हेवा वाटला होता.

व्यायामशाळेत उकाडा होता. बाहेर शून्याखाली, म्हणून आत भट्ट्या फुल्ल लावलेल्या, आणि सगळ्यांच्या अंगावर जाडजूड कोट. काढून ठेवायला जागा नाही. ओल्या बुटांचा, लाकडाच्या पॉलिशचा आणि चिलीचा वास येत होता. शाळेच्या स्वयंपाकघरातल्या बायकांनी चिली, म्हणजे मांस-राजम्याचं तिखट कालवण, आणि दालचिनीचे रोल केले होते, ते व्हॉसच्या कोपऱ्याजवळच्या टेबलावर. व्हॉस हा उमेदवार अब्जाधीश, त्याच्या माणसांनी बरोबर तिथंच कोपरा धरला होता. जमिनीवर निळी चिकटपट्टी लावून चार कोपरे आखलेले. बाईंचा कोपरा बास्केटबॉलच्या कड्याखाली होता, कारण तिथं बाक होतं आणि त्यांना बसावं लागतं.

दाराशी प्रत्येकाला एक कार्ड दिलं. माझ्या हातात कार्ड आलं आणि मी, खरंच सांगतो, उलटून बघितलं. पुढच्या बाजूला लिहिलं होतं "पहिली पसंती" आणि सहीची जागा. पाठीवर "दुसरी पसंती" आणि सहीची जागा. मला इतका आनंद झाला की काय सांगू. माझा बेत कुणीतरी छापून आणला होता. दोन बाजू, दोन नावं. दुसऱ्या पसंतीच्या खाली बारीक अक्षरात एक ओळ होती. चष्मा गाडीत राहिला होता.

अध्यक्ष लाइल एंगस्ट्रॉम. तो धान्याचा गोदामवाला, पंचवीस वर्षं तोच अध्यक्ष असतो. त्यानं माइकवरून नियम वाचले. मी एकोणतीस वर्षं हाडं कापायच्या करवतीशेजारी उभा होतो. माइकचा आवाज माझ्या कानात नुसता घुमतो. सगळे मान हलवत होते, मीही हलवली.

"एकशे चौतीस," लाइलनं सांगितलं. एवढं कळलं, कारण त्यानं फळ्यावर लिहिलं. "शंभरात पंधरा म्हणजे वीस पूर्णांक एक दशांश. दशांश माणूस नसतो, म्हणून एकवीस. ज्याच्याकडं एकवीस नाहीत, त्याचा कोपरा मोडेल."

"कुणी गरोदर बाई आहे का?" मागून कुणीतरी ओरडलं. "दशांश तिच्याकडून घ्या!"

सगळे हसले. बाईही हसल्या. त्यांनी बाकावरून माझ्याकडं बघितलं आणि शेजारची रिकामी जागा हातानं थोपटली.

मी डार्लाच्या कोपऱ्यात गेलो.

बाईंचा हात बाकावर तसाच राहिला. मी दुरून तळहात दाखवला: थांबा, येतोय. त्या बघत राहिल्या. त्यांना त्या खुणेचा काय अर्थ लागला असेल, ते नंतर माझ्या लक्षात आलं. मी त्यांना 'पुरे झालं' म्हणतोय असंच वाटलं असणार.

"बाबा, सही," डार्लानं पेन दिलं. तिच्या हाताची बोटं गार होती. मी पुढच्या बाजूला हॅल्डेन लिहिलं, नाव नीट गिरवलं, सही केली. तिनं कार्ड घेतलं नि गठ्ठ्यात घातलं.

"मागची बाजू?" मी विचारलं.

"ती लागत नाही," ती म्हणाली आणि पुढच्या माणसाकडं वळली.

मोजणी झाली. एकेकानं आपला आकडा मोठ्यानं म्हणायचा. माझा सदतीस आला. हॅल्डेन अठ्ठावन्न. व्हॉस त्रेचाळीस. चौथ्या उमेदवार एक महापौरबाई, त्यांना तेरा. प्रुइट वीस.

वीस. फळ्यावर आकडा पडला तेव्हा बाईंनी पुन्हा मोजले. त्या काठीच्या टोकानं एकेक डोकं मोजत होत्या. पुन्हा वीसच.

मला मात्र हायसं वाटलं. आता माझी वेळ. मी कोटाची चेन वर ओढली आणि निळ्या पट्टीवरून पाय टाकला.

"कुठं निघालास?" शेजारच्या डेल्मरनं विचारलं. डेल्मर माझ्याबरोबर कारखान्यात होता, युनियनचा जुना माणूस.

"बाईंकडं. एक कमी आहे."

डेल्मर हसायला लागला. माझा चेहरा बघून थांबला. "तुला खरंच ठाऊक नाही? लेका, आपलं लग्न लागलं. आता दुसऱ्या मांडवात जाता येत नाही."

"दुसरी फेरी आहे ना?"

"ज्यांचा कोपरा मोडला त्यांना. आपला नाही मोडला. आपण आता इथलेच. यंदापासून नियम आहे."

मी लाइलकडं गेलो. पट्टी ओलांडून गेलो, तेव्हा दहा जणांनी माझ्याकडं बघितलं. लाइल टेबलापाशी आकडे लिहीत होता.

"लाइल, माझं कार्ड परत दे. मला प्रुइटकडं जायचंय."

"नाही जाता येणार, व्हर्लिन."

"माझी चूक झाली."

"चुकीचा रकाना नाही रे कार्डावर." तो वाईट माणूस नाही. त्यानं आवाज खाली केला. "तुला घरी जायचं असेल तर खुशाल जा. तुझं मत मोजलंय, दार उघडं आहे. फक्त तिकडं नाही."

माझ्या मागं बाहेर जायचं दार होतं, त्यावर लाल अक्षरांची पाटी. तिथून मी सबंध मुलखात कुठंही जाऊ शकत होतो. चाळीस पावलांवरच्या बाकाशी मात्र नाही. मी परत पट्टीच्या आत आलो, कारण दुसरं काय करणार.

"पंधरा मिनिटं!" लाइल माइकवर ओरडला.

डेल्मर मला म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नकोस. माझंही मन तिकडंच आहे. बत्तीस वर्षांपूर्वी आपला संप झाला तेव्हा तो प्रुइट आपल्या फाटकाशी येऊन उभा राहिला होता, थंडीत. मी विसरलोय का?"

"मग इथं कशाला उभा आहेस?"

"लोक त्याला मत देणार नाहीत म्हणून."

"कोण लोक?"

डेल्मरनं हात गोल फिरवला. "हे सगळे."

मागं केसलर बहिणी उभ्या होत्या, दोघी शाळेची बस चालवणाऱ्या. थोरली म्हणाली, "आम्हालाही तोच आवडतो. पण डेल्मरसारखी माणसं हॅल्डेनकडं जातात म्हटल्यावर आम्ही काय करणार?" धाकटी म्हणाली, "मी तर आर्डिथबाईंच्या हाताखाली वाचायला शिकले. त्यांच्याकडं बघवत नाही." मग पशुवैद्याचा कारकून बोलला. मग त्याच्या बायकोनं मान हलवली. मी मोजत गेलो. वाईट सवय आहे मला, करवतीशेजारी उभं राहून लागलेली. मोठ्यानं कुणी बोलत नव्हतं, पण माझ्याशिवाय सात निघाले. सात जण एकमेकांकडं बघून इकडं आले होते.

तिकडं महापौरबाईंच्या तेरा जणांवर झुंबड उडाली होती. त्यांतला एक जण बाईंकडं गेला असता तरी पुरलं असतं. व्हॉसचा माणूस दालचिनीच्या रोलचं ताट घेऊन हिंडत होता. डार्ला हात धरधरून बोलत होती. बाई काठी टेकत आल्या तोवर पाच जण व्हॉसकडं गेले होते आणि चार डार्लाबरोबर. बाई प्रत्येकाला एकच म्हणत होत्या, "मला फक्त एक हवाय. तुमचं सगळं आयुष्य नको, एक संध्याकाळ द्या." एक तरुण बाई म्हणाली, "तुम्ही फार गोड आहात हो. पण यंदा धोका नको." दोन जण कोट चढवून घरी गेले. एक कुठंतरी मिसळला. उरली एकटी नोरीन ऑसगुड.

नोरीनला मी ओळखतो. डुकराचे खांदे कापायच्या लाइनवर चौदा वर्षं ती माझ्या शेजारी होती. तिच्या दोन बोटांची टोकं त्याच लाइनवर राहिली. ती मधल्या मोकळ्या जागेत उभी होती, एका हातात पर्स, दुसऱ्यात न खाल्लेला रोल. एका बाजूला बाई, एका बाजूला डार्ला. तिनं दोघींचं ऐकून घेतलं. मग तिची नजर माझ्यावर आली आणि ती सरळ पट्टीपाशी चालत आली.

"व्हर्लिन, तू सांग. तू कधी खोटं बोलला नाहीस माझ्याशी. हा प्रुइट निवडून येईल?"

डार्ला तिच्या मागं उभी होती. तिच्या मागं बाई.

"तुझं मन कुठं आहे?" मी विचारलं.

"मनाचं विचारलं नाही मी. येईल का ते सांग."

"ते कुणालाच ठाऊक नसतं, नोरीन. तू जा बाईंकडं. त्यांना एक कमी आहे."

"बरं," नोरीन म्हणाली. "मग तू इथं का उभा आहेस?"

मी तोंड उघडलं. दोन गोष्टी सांगता आल्या असत्या. नियम सांगता आला असता. मुलीचं सांगता आलं असतं, पण मुलगी तिथंच होती आणि तिचे डोळे माझ्या तोंडावर होते.

"चुकून," मी म्हणालो.

कोपऱ्यात हशा पिकला. डेल्मरसुद्धा हसला. नोरीन नाही हसली.

"चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस चुकून कुठं उभा राहत नाही," ती म्हणाली. "तू भ्यालास. मीही भ्यालेय." आणि तिनं निळी पट्टी ओलांडली. माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, लाइनवर राहायची तशी, डाव्या हाताला. रोल माझ्या हातात दिला. "धर. मला गोड चालत नाही."

बाई वळल्या आणि काठी टेकत बाकाकडं गेल्या. चाळीस पावलं. मी सगळी मोजली.

मग लाइलनं दर वेळेसारखं "सॉरी, बाई" म्हटलं. वीस जणांचा कोपरा मोडायला तीन मिनिटंही लागली नाहीत. अकरा आमच्याकडं आले, पट्टी ओलांडताना खाली बघत. बाकीच्यांनी कोट घातले. डार्लाच्या आकड्यात एक प्रतिनिधी वाढला. तिनं मला मिठी मारली. "बाबा, झालं! आपण जिंकलो!" तिच्या गळ्याची शीर माझ्या गालाला लागली, भराभर उडत होती. ती माझी एकुलती मुलगी आहे. मी तिची पाठ थोपटली. रोल अजून माझ्या हातात होता, त्याची साखर तिच्या कोटाला लागली.

"काही खाल्लंस का?" मी विचारलं.

"खाते. तुम्ही बाईंना घरी सोडा. त्यांना थंडी बाधेल."

बाईंनी कार्ड कुणाला दिलं नव्हतं. ते पर्समध्ये घातलं, पाटी काखेत मारली आणि दाराशी माझी वाट बघत उभ्या राहिल्या. माझ्याशिवाय त्यांना न्यायला कुणी नव्हतं. मी दार उघडलं, त्यांना बसवलं, दार लावलं आणि वळसा घालून माझ्या जागी आलो.

धान्याचं गोदाम मागं पडलं. हीटर नुसता आवाज करत होता.

"बाई," मी म्हणालो, "मी येणार होतो. दुसऱ्या फेरीत. मला वाटलं जाता येतं."

"मी विचारलं होतं तुला. याच गाडीत."

"हो."

"काय म्हणालास?"

"ठाऊक आहे म्हणालो."

त्यांनी मान हलवली. मग खिडकीकडं वळल्या. काचेवर त्यांच्या श्वासाचं धुकं धरलं होतं.

"तू आलाच नसतास ना," त्या म्हणाल्या, शिकवायच्या तशा, शांत आवाजात, "तर एकशे तेहतीस झाले असते. त्याचे शंभरात पंधरा म्हणजे एकोणीस पूर्णांक पंचाण्णव शतांश. वर नेले की वीस. माझे वीस पुरले असते."

हे गणित त्यांनी केलं नसतं तर बरं झालं असतं. मी गाडी हळू केली. रस्त्यात काही नव्हतं, तरी केली.

त्यांच्या घरासमोर थांबलो. ओसरीतला दिवा त्या लावून आल्या होत्या. बाईंनी पर्समधून कार्ड काढलं, गाडीतला वरचा दिवा लावला आणि कार्ड उलटं करून माझ्यापुढं धरलं.

"वाच."

मी चष्मा लावला. बारीक ओळीवर बोट ठेवलं आणि तळघरात वाचायचो तसं मोठ्यानं वाचलं. "ज्यांच्या गटाला पहिल्या मोजणीत पुरेशी माणसं मिळाली आहेत, त्यांनी ही बाजू भरू नये."

"छान," त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता. मी एखादी ओळ न अडखळता वाचली की त्या छान म्हणायच्याच.

मी दिवा बंद करायला हात वर केला, तेव्हा त्यांनी विचारलं, "तुमच्या कोपऱ्यात अजून किती होते, तुझ्यासारखे?"

मला खोटं बोलता आलं असतं. एकटा मीच म्हटलं असतं तर सगळं माझ्या एकट्याच्या माथी आलं असतं आणि त्यांना बाकीच्यांबद्दल काही वाटलं नसतं. पण त्या मला ओळखतात.

"सात," मी म्हणालो. "मला सोडून."

"कोण?"

मी नावं सांगितली. डेल्मर. केसलर बहिणी. पशुवैद्याचा कारकून नि त्याची बायको. उरलेली दोन. धाकट्या केसलरचं नाव आल्यावर त्यांनी एकदा डोळे मिटले.

"म्हणजे वीस, आणि तू, आणि सात," त्या म्हणाल्या. ओठ हलत होते. "अठ्ठावीस. आम्ही अठ्ठावीस होतो, व्हर्लिन."

"हो, बाई."

"इतके कधीच नव्हते. बत्तीस वर्षांत इतके कधीच नव्हते."

त्यांच्या आवाजावरून मला कळेना, त्या सुखानं बोलत होत्या की कसं. त्यांनी प्रुइटची पाटी मांडीवर सरळ केली, तिच्यावरचं ओलं हातमोज्यानं पुसलं. मग दाराच्या कडीवर हात ठेवला. ती कडी फिरत नाही हे ठाऊक असूनही एकदा फिरवून बघितली. आणि हात परत मांडीवर घेतला.

विनोद केला नाही. समोर बघत बसून राहिल्या, मी खाली उतरायची वाट बघत.